वीजतारांलगतचे पथदिवे बदलणे

ज्या रस्त्यावर खांबांवरून उघड्या वीजतारा गेलेल्या आहेत तिथले जुने पथदिवे काढून नवे बसवणे, किंवा दिव्यांचे खांबच बदलणे, असे हे काम आहे. मराठवाड्यातल्या शहरांत वीज अजून मुख्यतः डोक्यावरूनच फिरते, त्यामुळे इथे पथदिव्याचे काम आणि तारेजवळचे काम सहसा वेगळे करता येत नाही. खालून पाहणाऱ्याला शिडी लावली, दिवा बदलला, उतरले एवढेच दिसते. खरोखर दिवा बदलायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. डोक्यावरची तार मेलेली आहे, म्हणजे तिच्यात वीज नाही, याची खात्री करायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि काटकसर होते ती नेमकी याच वेळात.

खांब एकाचा, दिवा दुसऱ्याचा

रस्त्यावर उजेड ठेवणे हे नागरी संस्थेचे बंधनकारक कर्तव्य आहे. महापालिकांसाठी ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये सांगितले आहे आणि नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना या महापालिका पहिल्या कायद्याखाली येतात. बीड, धाराशिव, हिंगोली, अंबाजोगाई, उदगीर, पैठण इथे नगरपरिषदा आहेत. तारा मात्र महावितरणच्या. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले तेव्हा वितरणाचे जाळे या कंपनीकडे आले.

संभाजीनगरचा जालना रोड किंवा २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने रुंद झालेले नांदेडचे रस्ते अशा मोठ्या मार्गांवर दुभाजकात दिव्यांचे स्वतंत्र खांब उभे करता येतात आणि त्यांना जमिनीखालून केबल देता येते. जुन्या गावठाणात तेवढी जागा नसते. तिथे महावितरणच्या सिमेंटच्या किंवा लोखंडी खांबालाच एक आडवी नळी बांधून पालिकेचा दिवा लटकवलेला असतो. त्याच खांबाला केबल टीव्हीच्या वायरी, इंटरनेटच्या काळ्या दोऱ्या, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणि क्वचित कोणी टाकलेला आकडाही असतो. दिवा बदलायला वर जाणारा माणूस बहुतेक वेळा पालिका आणि महावितरण या दोघांपैकी कोणाच्याच कायम नोकरीत नसतो, तो पालिकेच्या ठेकेदाराकडे रोजाने काम करतो. तार कोणाची, ती बंद करायचा अधिकार कोणाला, परवाना कोणाच्या नावे, हे त्याला वर चढायच्या आधी माहीत असायला हवे. कामाचा आदेश निघतो त्याच दिवशी हे ठरवावे लागते, कारण खांबाखाली उभे राहून त्यावर चर्चा सुरू झाली की ‘बंद केलीय, चढा’ एवढ्या शब्दावर काम चालू होते.

पाचवी तार

गल्लीतल्या लघुदाब वाहिनीवर साधारणपणे पाच तारा दिसतात. तीन फेजच्या, एक न्यूट्रल आणि एक खास पथदिव्यांची. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट असतात, दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. पथदिव्यांच्या तारेला डीपीजवळच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या) पेटीतून संध्याकाळी वीज मिळते आणि पहाटे ती तोडली जाते. पूर्वी हे काम माणूस हाताने करी. आता टायमर करतो, किंवा सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा स्वतः मोजणारे नियंत्रक करतात.

इथूनच सर्वांत घातक समजूत तयार होते: दिवसा दिवे बंद, म्हणजे ती तार मेलेली. तसे नसते. दुसऱ्या गल्लीतला दिवा तपासायला कोणीतरी पेटी चालू करून ठेवलेली असते. वाऱ्याने शेजारची फेजची तार तिला घासत असते. कुठेतरी खांबावरच्या जोडणीत न्यूट्रल सुटलेला असतो आणि सर्किटमधल्या दिव्यांतून फिरून आलेला दाब (व्होल्टेज) त्या तुटक्या टोकावर उभा असतो. आणि पाचवी तार खरोखर मेलेली असली, तरी हातभर अंतरावर उरलेल्या तारा जिवंतच असतात. माणूस दिव्याकडे पाहत काम करतो, त्याची पाठ मात्र त्या तारांकडे असते.

पुष्कळ खांबांवर याच तारांच्या वर ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची वाहिनी असते. वरची तार तुटून खालच्या तारांवर पडू नये म्हणून दोन्हींच्या मध्ये जमिनीशी जोडलेल्या तारांची जाळी बांधतात. तिला गार्डिंग म्हणतात. दिवा बसवताना आड येते म्हणून ही जाळी कोणी सैल केली किंवा कापली, तर त्या दिवशी काहीच होत नाही. होते ते पुढच्या वळवाच्या रात्री, आणि ते खालच्या घरांतल्या माणसांना भोगावे लागते.

किती अंतर हवे

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत (२०१०; त्यांची जागा पुढे २०२३ च्या विनियमांनी घेतली) तारांची किमान उंची आणि अंतरे दिली आहेत. २०१० च्या विनियमांनुसार रस्ता ओलांडणारी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ केव्हीची तार ६.१ मीटर उंच हवी. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या तारांसाठी हेच आकडे ५.५ आणि ५.८ मीटर आहेत. इमारतीपासून ११ केव्हीपर्यंतच्या तारेचे आडवे अंतर १.२ मीटर आणि ३३ केव्हीच्या तारेचे २ मीटर सांगितले आहे. दिव्याचा नवा खांब बहुधा ९ मीटरचा असतो, म्हणजे तो तारेच्या पातळीच्या वर जातो. त्यामुळे तो तारेच्या खाली उभा करता येत नाही, बाजूला सरकवावाच लागतो, आणि वरची आडवी दांडी तारेकडे झुकणार नाही अशी फिरवावी लागते.

हे आकडे कागदावर स्थिर असले तरी तार स्थिर नसते. ॲल्युमिनियम तापल्यावर वाढते. दोन खांबांमध्ये ५० मीटर अंतर असेल आणि तार ३० अंशांनी तापली, तर तिची लांबी साडेतीन सेंटिमीटरने वाढते. ऐकायला हे थोडे वाटते, पण एवढ्याशा वाढीने झोळ मात्र वीतभर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. डिसेंबरच्या सकाळी टेप लावून पास केलेले अंतर मे महिन्यात, पारा ४२-४३ वर असताना, तितके उरलेले नसते. म्हणून मोजणी उन्हाळ्याच्या दुपारची धरावी, आणि थंडीत मोजले असेल तर जादा जागा सोडावी.

दुसरी गोष्ट मातीची. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. अशा मातीत मुरमापर्यंत न खणता बसवलेला खांब दोन-तीन पावसाळ्यांत कलतो. नऊ मीटरचा खांब बुडाशी दोन अंशांनी कलला की त्याचा शेंडा तीस सेंटिमीटर सरकतो. बसवताना तारेपासून नियमाप्रमाणे दूर असलेला दिवा असा आपोआप तारेजवळ जातो. गोदावरीकाठच्या काळ्या रानात वसलेल्या गावांना हे नवे नाही, तिथे कुंपणाचे खांबही दरसाल सरळ करावे लागतात. पायाचा खड्डा मुरमात किंवा खडकात उतरवणे आणि भोवती काँक्रीट भरणे याला पर्याय नाही. खडकाळ जागी उलटी अडचण येते. पाया पक्का होतो, पण अर्थिंग, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, नीट मिळत नाही. मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही चैत्र-वैशाखात कोरडा ठणठणीत पडतो, आणि त्यात पाणी घालायची पाळी कोणाकडेच नसते.

लाईन क्लिअर

तारेवरचा पुरवठा अधिकृतपणे बंद करून काम करण्याच्या परवानगीला इथे सगळे ‘लाईन क्लिअर’ किंवा ‘परमिट’ म्हणतात. पालिकेच्या विद्युत विभागाने आधी पत्र द्यायचे, महावितरणच्या अभियंत्याने फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) आणि वेळ ठरवायची, उपकेंद्रातून फीडर बंद करायचा, कामाच्या जागेजवळचा एबी स्विच (वाहिनी तोडणारा खांबावरचा स्विच) उघडून त्याला कुलूप लावायचे आणि चावी परमिट घेणाऱ्याच्या खिशात राहायची, असा क्रम आहे. एकाच रस्त्यावर दोन उपकेंद्रांचे फीडर समोरासमोर येत असतील तर नावात घोटाळा होऊन भलताच फीडर बंद झाल्याचे प्रकार घडतात. म्हणून परमिटावर खांब क्रमांक लिहिलेला हवा. ‘चौकापासून मंदिरापर्यंत’ एवढ्याने भागत नाही.

फीडर बंद झाल्यावरही तारेला मेलेली म्हणायचे नाही. आधी टेस्टर लावायचा, आणि टेस्टर चालतो की नाही हे त्याआधी दुसऱ्या जिवंत तारेवर पाहून घ्यायचे. मग अर्थिंग. हा भाग जवळून पाहण्यासारखा असतो. लांब, पिवळ्या किंवा लाल काठीच्या टोकाला पितळी आकडी, तिच्यापासून जाड तांब्याची वेणी खाली आलेली. लाईनमन आधी वेणीचे खालचे टोक जमिनीतल्या सळईला घट्ट आवळतो, हाताने ओढून पाहतो, मगच आकडी वर नेतो. आकडी तारेला टेकते तेव्हा कधी कधी बारीकसा ‘चट्’ असा आवाज येतो. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या वाहिनीमुळे बंद तारेत चढलेला दाब तो असतो. तो आवाज ऐकलेला माणूस पुन्हा अर्थिंगचा कंटाळा करत नाही. तिन्ही फेज आणि पाचवी तारही अशा जोडायच्या, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना.

दोन्ही बाजूंना का, याचे उत्तर लाईनमनच्या भाषेत ‘रिटर्न सप्लाय’ असे आहे. फीडर बंद झाला की बाजारपेठेतल्या दुकानांचे जनरेटर सुरू होतात. ज्याने नीट चेंजओव्हर स्विच (वाहिनी किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) बसवलेला नाही, त्याचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे तारेवर येतात. डीपीतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे तेच २३० व्होल्ट पलीकडच्या बाजूला हजारोंच्या घरात जाऊ शकतात. उपकेंद्रात सगळे नियमाने बंद असते, परमिट खरे असते, तरीही वरच्या माणसाला धक्का बसतो. याला एकच औषध आहे, ते म्हणजे तार जमिनीला बांधून ठेवणे. ठेकेदाराकडे अर्थिंगची काठीच नसेल तर काम सुरू होऊ देऊ नये. रबरी हातमोजे, हेल्मेट आणि कमरपट्टा हे सारे अर्थिंगच्या जोडीला लागते, त्याच्या बदली चालत नाही.

काम संपले की आधी वरची माणसे मोजून खाली आणायची, मग अर्थिंग काढायचे, मग परमिट परत करायचे. परमिट ज्याने घेतले त्यानेच ते परत करावे. फोनवरून ‘झालं, सोडा’ म्हणणे हा या कामातला गुन्हा मानला पाहिजे.

खांब उभा करताना

फक्त दिवा बदलण्यापेक्षा खांब बदलणे कितीतरी जोखमीचे. हायड्रा क्रेन नऊ मीटरचा लोखंडी खांब मध्यभागी धरून उचलते, तेव्हा त्याची दोन्ही टोके झुलतात. खालच्या माणसांचे लक्ष बुडाकडे असते, कारण ते खड्ड्यात बसवायचे असते. शेंडा कुठे जातोय हे पाहायला एक माणूस वेगळा नेमावा लागतो आणि त्याच्या हाती दुसरे कोणतेही काम देऊ नये. उघड्या तारांजवळ सळया, पाइप यांसारखी लांब वस्तू अधिकृत माणसाच्या देखरेखीशिवाय नेऊ नये, असा नियम १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आला आहे.

क्रेनचा हात तारेला लागलाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे आणि बाकीच्यांनी क्रेनला न शिवता लांब जावे. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर क्रेनला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी दोन्ही पाय जुळवून उडी टाकावी आणि पाय न उचलता, जोडूनच सरकत दूर जावे. तारेतली वीज जमिनीत पसरताना पावला-पावलावर दाब वेगळा असतो. लांब ढांग टाकली की तोच फरक दोन पायांमधून शरीरात शिरतो.

जागाच नसेल तर तार हलवावी लागते: उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एबी केबल ओढणे, किंवा वाहिनी जमिनीखाली नेणे. खर्च पालिकेने करायचा आणि महावितरणने देखरेख करायची, अशी कामे होतात. रस्ता रुंद करण्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम पहिल्यापासून धरली तर पुढचे सगळे सोपे जाते. ती धरली नाही, तर डांबर पडते आणि खांब रस्त्याच्या मध्ये उभे राहतात.

नवा दिवा

केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केल्यावर सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी बसवण्याला वेग आला. २५० वॅटच्या सोडियम दिव्याच्या जागी साधारण १२० वॅटचा एलईडी येतो. सोडियमच्या चोकमध्ये जाणारी वीज धरली तर अकरा तासांच्या रात्रीत जुना दिवा तीन युनिटे खाई, नवा सव्वा युनिटाच्या आसपास. चोकसह जुने उपकरण जड असे. नवे हलके असल्याने वर एकट्याने धरता येते, आणि तारेजवळ उभे राहायचा वेळ कमी होतो.

एलईडीचा शत्रू मात्र तीच वाहिनी आहे. न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढतो आणि एका संध्याकाळी अख्ख्या गल्लीतल्या दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारे आतले सर्किट, जळतात. वळवाच्या विजांनीही तेच होते. पेटीत सर्ज संरक्षण (अचानक चढलेला दाब अडवणारे उपकरण) बसवलेले नसेल आणि न्यूट्रलच्या जोडण्या घट्ट केलेल्या नसतील, तर नवे दिवे वर्षभरात पुन्हा बदलावे लागतात. म्हणजे माणूस पुन्हा त्याच तारांजवळ चढतो.

उतरवलेल्या सोडियम दिव्यांच्या आतल्या नळीत थोडा पारा असतो. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. भंगारवाल्याने वजनावर घेण्याआधी ते न फोडता, मोजून आणि खांब क्रमांकानुसार नोंद करून भांडारात जमा करायचे असतात.