गे पर्री

गे पर्री : (१९६२). मांजरांच्या प्रेमकथेवरचा अमेरिकन संगीतमय अ‍ॅनिमेशनपट. निर्मिती ‘युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका’ (यूपीए) या स्टुडिओची, वितरण वॉर्नर ब्रदर्सचे, दिग्दर्शन एब लेव्हिटो यांचे. नावात कोटी आहे. पॅरिसच्या रंगेल दिवसांना इंग्रजीत लाडाने ‘गे परी’ म्हणत, आणि मांजराच्या घुरघुरीला ‘पर्र’ म्हणतात. पॅरिसमधल्या मांजरांचा चित्रपट म्हटला की बहुतेकांना डिस्नेचा १९७० चा ‘द अ‍ॅरिस्टोकॅट्स’ आठवतो. हा त्याच्या आठ वर्षे आधीचा, आणि गाण्यांच्या बाबतीत त्याहून सरस. तरी आज तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

कथा १८९५ च्या फ्रान्समधली. प्रोव्हान्सच्या शेतावर वाढलेली म्यूझेट ही पांढरी मांजर पॅरिसची वर्णने ऐकून हुरळून जाते. तिच्यावर जीव टाकणारा झोन टॉम उंदीर धरण्यात पटाईत, पण स्वभावाने साधाभोळा. त्याला सोडून ती आगगाडीत चढते. पॅरिसला म्यावरीस हा गोडबोल्या ठग बोका तिला गाठतो, मादाम रूबेन्स-शात हिच्याकडे शहरी रीतभात शिकायला ठेवतो आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका बोक्याला बायको म्हणून पाठवण्याचा घाट घालतो. तिला शोधायला निघालेले झोन टॉम आणि त्याचा चिमुकला सोबती रोबेस्पिएर दारूच्या नशेत पकडले जातात आणि थेट अलास्काच्या वाटेला लागतात. तिथे त्यांना सोने सापडते. पुढचे ओळखीचेच आहे.

चित्रपटाचे खरे धन म्हणजे संगीत. चाली हॅरल्ड आर्लेन यांच्या, गीते ई. वाय. हार्बर्ग यांची. याच जोडीने १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’साठी गाणी रचली होती आणि त्यांतली नायिका होती किशोरवयीन ज्युडी गारलंड. इथे म्यूझेटचा आवाजही तिचाच, पण आता ती चाळिशीला टेकलेली आहे. घर सोडून दूर कुठेतरी जाण्याची ओढ तेव्हा तिने गायली होती. इथे त्या दूरच्या ठिकाणी पोचून पदरी पडलेली निराशा गाते. ‘पॅरिस इज अ लोनली टाउन’ हे गाणे त्यासाठी कान देऊन ऐकावे. ठगाच्या तावडीतून निसटलेली, बेघर झालेली म्यूझेट सीन नदीच्या काठी एकटी उरते. पुलावरून उडी घेण्यापर्यंत तिची मजल जाते. गारलंडचा आवाज खालच्या सुरांत जड होतो, वर चढताना किंचित कापतो. मांजराच्या गोष्टीत इतके सच्चे दुःख ऐकू येईल अशी अपेक्षा नसते, म्हणूनच ते काळजाला भिडते. झोन टॉमला आवाज देणाऱ्या रॉबर्ट गूले यांचा भरदार सूरही श्रवणीय आहे.

यूपीएने १९५० च्या दशकात डिस्नेच्या हुबेहूबपणाला फाटा देऊन सपाट रंग, मोजक्या रेषा आणि कमी हालचालींची शैली रुजवली होती. ती इथे ऐन बहरात दिसते. म्यावरीसचे साथीदार म्हणजे नुसत्या काळ्या सावल्या : त्या भिंतीवरून घरंगळतात, कोपऱ्यात विरघळतात. सर्वांत संपन्न प्रसंग चित्रांचा. म्यावरीस भावी नवऱ्याला दाखवण्यासाठी म्यूझेटची चित्रे काढून घेतो आणि पडद्यावर तीच मांजर एकेका चित्रकाराच्या हातची होऊन येते. सराच्या चित्रात ती ठिपक्यांची बनते, मोदिल्यानीच्या चित्रात तिची मान लांबते, शेवटी पिकासो येतो. इतिहास म्हणून हे टिकत नाही. १८९५ मध्ये या चित्रकारांपैकी व्हॅन गॉख आणि सरा हयात नव्हते, पिकासो आणि मोदिल्यानी तर शाळकरी पोरे होती. पण कलाकारांचे चित्रकलेवरचे प्रेम इतके उघड आहे की त्या चुकीकडे काणाडोळा करावासा वाटतो.

दोषही याच शैलीतून निघतात. आवाज आतून हलवून टाकत असताना पडद्यावरचा चेहरा मात्र बहुतेक वेळ स्थिर राहतो. भावनेचा सगळा भार गळ्यावर पडतो. पटकथेची चूक त्याहून मोठी. नायक-नायिका सुरुवातीलाच दुरावतात ते शेवटच्या हाणामारीपर्यंत, त्यामुळे त्यांचे प्रेम मुरताना दिसतच नाही. ते आहे असे धरून चालावे लागते. अलास्काचा भाग रेंगाळतो. घर सोडण्याचा निर्णय स्वतः घेणारी, एकदा तर सावल्यांना बुलडॉगच्या तोंडी देऊन निसटणारी म्यूझेट शेवटी पुन्हा पकडली जाऊन सुटकेची वाट पाहत बसते, हे विशेष खटकते. शिवाय फसवून लावले जाणारे लग्न आणि आत्महत्येचा विचार मुलांना जड जातो, तर मांजरांचे कार्टून म्हणून मोठी माणसे फिरकत नाहीत. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. पूर्ण लांबीचा हा यूपीएचा दुसरा आणि शेवटचा चित्रपट ठरला.

पटकथा चक जोन्स आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांची. जोन्स तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागात नोकरीला होते आणि बाहेरचे काम न करण्याचा त्यांचा करार होता. वितरणासाठी चित्रपट नेमका वॉर्नरकडेच गेला, तेव्हा त्यांचे हे बाहेरचे काम उघडकीस आले आणि जोन्स यांची नोकरी गेली. पुढे ते एमजीएम या स्टुडिओसाठी ‘टॉम अँड जेरी’ करू लागले, तेव्हा लेव्हिटो पुन्हा त्यांच्याबरोबर होते.