पडायला शिकवणारा क्लास

मुलांना कराटेच्या क्लासला सोडायला आलेले आईबाप बाहेर मोबाइल बघत उभे असतात. त्यातला एखादा मात्र दारातून सारखा आत डोकावतो. महिना-दोन महिने गेले की तोच हळूच विचारतो, “आमच्या वयात जमेल का हो?” आणि लगेच, “लावायचंच तर काय लावावं? कराटे, ज्युदो, बॉक्सिंग… भारी कुठलं?”

मी स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी ज्युदो लावला, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे बराच येतो. ‘भारी कुठलं’ याचा जाहीर निकाल लावण्याचा एक प्रयत्न नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला झाला होता. वेगवेगळ्या शैलींचे आठ लढवय्ये, जवळजवळ नियम नाहीत, वजनी गट नाहीत. एका रात्रीत तिघांना शरण आणून जिंकला तो रॉयस ग्रेसी, अंगकाठीने इतरांपुढे किरकोळ दिसणारा ब्राझिलियन जिउ-जित्सूवाला, म्हणजे जमिनीवर पाडून पकडीत धरणाऱ्या शैलीतला. उभ्याने ठोसे-लाथा मारण्यात तरबेज असलेली माणसं जमिनीवर ओढली गेली की पोहता न येणाऱ्या माणसासारखी गोंधळतात, हे त्या रात्री जगाला दिसलं. गोष्ट रंजक आहे, पण दारातून डोकावणाऱ्या त्या बापाच्या ती फारशी उपयोगाची नाही. त्याला अशा लढतीत उतरायचं नाहीये. रस्त्यात कोणी अंगावर धावून येण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात कदाचित एकदाही येणार नाही. ओल्या मोरीत किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर तो घसरणार मात्र नक्की. म्हणून मी त्याला आधी विचारतो, “तुम्हाला पडता येतं का?”

प्रश्न विचित्र वाटतो. माझी आई म्हणाली होती, “पडायला काय शिकायचंय? ते आपोआप येतं.”

आपोआप येतं तेच घातक असतं. सत्तर किलोच्या माणसाचा गुरुत्वमध्य उभ्याने जमिनीपासून साधारण ९० ते ९५ सेंटिमीटरवर, म्हणजे बेंबीच्या आसपास असतो. तो खाली येतो तेव्हा सुमारे ६५० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गव्हाचं ५० किलोचं पोतं छातीच्या उंचीवरून सोडून दिलं तर जो दणका बसेल, तेवढीच ही ऊर्जा. आणि हे सगळं सेकंदाच्या आत उरकतं. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच पाव सेकंद जातो, तेव्हा विचार करायला सवड नसतेच. शरीर जुन्या सवयीने एकच गोष्ट करतं, हात ताठ पुढे टाकतं. मग सगळा दणका तळहाताएवढ्या जागेत येतो आणि मनगट मोडतं. म्हातारपणी हात तेवढ्या चपळाईने पुढे येतच नाही, तेव्हा माणूस कुशीवर आदळतो आणि खुब्याचं हाड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा नंबर लागतो.

ज्युदोत पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल करायची आणि झुलत्या खुर्चीच्या वाकड्या पायासारखं लोळायचं. त्याच वेळी हात अंगापासून थोडा दूर ठेवून सपकन गादीवर आपटायचा. यात भौतिकशास्त्राच्या दोनच युक्त्या आहेत. थांबायला लागणारा वेळ वाढवला की बल कमी होतं (झेल घेताना हात मागे नेण्याचं ते शाळेतलं उदाहरण, तेच), आणि दणका मोठ्या क्षेत्रावर पसरला की एका हाडावर येणारा ताण कमी होतो.

नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजलं. कुशीवर पडताना ज्युदोच्या पद्धतीने लोळलं तर खुब्यावर येणारं बल पाव भागाहून अधिक घटतं, असं २००७ साली त्यांना आढळलं. मला त्यातली गंमत वाटली ती पुढे. हात आपटला काय नि नाही आपटला काय, फारसा फरक पडत नव्हता. काम करत होतं ते लोळणं. आमच्या क्लासात वर्षानुवर्षं तो ‘सप्प’ आवाज चांगला निघाला की शाबासकी मिळते, त्यामुळे हा निष्कर्ष मी सरांना सांगितला तेव्हा ते नुसते हसले. पण साठीच्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे, कारण आपटणारा हात खांदा दुखावतो. याच गटाने पुढे अगदी नवख्यांना जेमतेम अर्धा तास शिकवून पाहिलं, तेवढ्यानेही दणका घटला. आधी पडून झालेल्या वृद्धांसाठी त्यांनी पाच आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला होता. त्यात अडथळ्यांमधून चालणं होतं आणि पडण्याचा सरावही होता. त्यानंतर त्यांच्या पडण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी झालं.

पडण्याला एवढं महत्त्व ज्युदोतच का आलं, याला इतिहास आहे. जिगोरो कानो हा लहानखुरा, शाळेत इतरांचा मार खाणारा मुलगा जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या कलेकडे वळला; ज्युदो त्यानेच पुढे त्यातून घडवला. त्या काळच्या जुजुत्सूत हाड मोडणारे, डोळा फोडणारे डाव भरपूर होते, पण ते जोडीदारावर पूर्ण ताकदीने करून बघणार कसे? करायचे तर जोडीदार संपतो, आणि नुसते हातवारे करायचे तर शिकणं कच्चं राहतं. १८८२ साली टोकियोतल्या एका मंदिरात बारा चटयांच्या जागेत कानोंनी शाळा काढली आणि घातक डाव बाजूला काढून ठरावीक कवायतीपुरते ठेवले. उरलेले डाव विरोध करणाऱ्या जोडीदारावर जीव तोडून मारायची मुभा दिली. रोज पन्नास वेळा फेकलं जायचं तर आधी नीट पडता यायलाच हवं. कमी घातक कला जास्त परिणामकारक ठरते ती अशी.

शैलींची तुलना करताना मी हीच कसोटी लावतो. त्यात डाव किती आहेत यापेक्षा, समोरचा खरोखर विरोध करत असताना ते रोज, इजा न होता, करता येतात का? जिउ-जित्सूत हाताने दोनदा थोपटलं की पकड सुटते, म्हणून तिथेही पूर्ण जोर लावता येतो. आपल्या कुस्तीत तर हा प्रश्न मातीनेच सोडवला आहे. तालमीतली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळतात आणि रोज उकरून भुसभुशीत करतात. ज्युदोवाला लोळून जो वेळ मिळवतो, तो पैलवानाला पायाखालची माती देते. धोबीपछाड आणि ज्युदोतला खांद्यावरून फेकण्याचा डाव शेजारी ठेवून पाहा, सख्खे भाऊ वाटतात. फरक पडल्यावरचा. ज्युदोवाल्याला पाठीवर पडण्याचाच सराव असतो, पैलवानाच्या मात्र रोमरोमात पाठ न लागू देणं भिनलेलं असतं. तो हवेतच वळून पोटावर येतो, नाहीतर मानेवर कमान करून तग धरतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडले, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गादीवर उतरून सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. पण चाळिशीच्या नोकरदाराला मी तालमीत जा म्हणणार नाही. ती मान दहाव्या वर्षापासून कमवावी लागते.

ठोशांच्या शैलींचं विज्ञान वेगळं, आणि तितकंच सुंदर आहे. १९८५ साली ब्रिटनमध्ये हेवीवेट फ्रँक ब्रुनो यांचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला गेला, तेव्हा मुठीचा वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि बल ४,०९६ न्यूटन भरलं. सहा किलोचा गुंडाळलेला हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने बसावा तसा तो होता. ही ताकद दंडात असते हा गैरसमज. जोर टाचेपासून निघतो, कंबर फिरते, खांदा पुढे जातो आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी कराटेचे बारा ब्लॅक बेल्ट आणि त्यांच्याच वयाचे, व्यायाम करणारे पण कराटे न शिकलेले बारा जण घेतले आणि अवघ्या पाच सेंटिमीटरवरून ठोसा मारायला सांगितला. ब्लॅक बेल्टवाल्यांचा जोर जास्त होता, आणि तो ठरत होता खांदा आणि मनगट यांचा वेग एकाच क्षणी कळसाला पोचण्यावर. मेंदूच्या स्कॅनमध्ये लहान मेंदूकडून येणाऱ्या तंतूंची रचनाही दोन्ही गटांत वेगळी दिसली. तंतू वेगळे म्हणून ते कराटेत टिकले, की कराटेने तंतू बदलले, हे अशा एकाच वेळी केलेल्या तुलनेतून कळत नाही. ‘कराटेने मेंदू बदलतो’ असे मथळे म्हणूनच जरा जपून वाचावेत.

मेंदू एका बाबतीत मात्र निश्चित बदलतो, डोक्यावर मार खाल्ल्याने. ठोसे खाऊन भ्रमिष्ट झालेल्या बॉक्सरांचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९२८ सालीच आलं होतं. शिरस्त्राण घातलं की झालं, असं लोकांना वाटतं. ते कवटीची कातडी वाचवतं, पण डोकं झटक्यात फिरलं की आतला मेंदू हिंदकळतो त्याला ते फारसं काही करू शकत नाही. २०१३ पासून हौशी पुरुष बॉक्सिंगच्या वरिष्ठ गटात ते काढूनच टाकलं. म्हणून माझं मत सरळ आहे. चाळिशीनंतर बॉक्सिंग लावा, खुशाल लावा, दमसास त्याच्यासारखा दुसऱ्या कशानेच वाढत नाही, पण बॅगवर आणि पॅडवर. डोक्याला लागेल असा सामना कोणी खेळायला लावत असेल तर हात जोडून परत या. कराटे आणि तायक्वांदोच्या लाथांनी एका पायावर तोल सांभाळायची सवय होते, हा त्यांचा मोठा फायदा. ताई ची या चिनी युद्धकलेला लोक बागेतला संथ नाच समजून हसतात, पण वृद्धांवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा २०१९ साली घेतला तेव्हा तिच्यामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

स्वसंरक्षणासाठी शिकायचं म्हणणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, मी कॅनडातल्या एका चाचणीबद्दल सांगतो. तिथल्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलींना फक्त १२ तासांचं प्रशिक्षण दिलं. वर्षभरानंतर त्यांच्यात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं, तर ज्यांना नुसती माहितीपत्रकं दिली होती त्यांच्यात ९.८ टक्के. त्या १२ तासांत प्रतिकाराचे डाव होते, पण बराच वेळ ओळखीच्या माणसाचं वागणं कधी धोक्याचं होतंय हे ओळखण्यात आणि संकोच सोडून ठाम नकार देण्यात गेला होता. ब्लॅक बेल्टला लागतात ती वर्षं इथे लागली नाहीत.

आता त्या ‘आमच्या वयात’बद्दल. स्नायू कोणत्याही वयात पटकन प्रतिसाद देतात. मागे राहतात ते कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. याचा पुरावा अणुबॉम्बने दिला आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि मग उतरत गेला. तो अन्नातून शरीरात शिरतो, त्यामुळे एखादी ऊती कधी घडली याची तारीखच जणू तिच्यावर पडते. डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेमागच्या कंडऱ्याचा गाभा तपासला, तर तो साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडून पुढे जवळजवळ नव्याने बनतच नाही असं दिसलं. पन्नाशीच्या माणसाचा हा कंडरा त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला असतो. सहा आठवड्यांत दमसास वाढतो, अंगात जोर आल्यासारखं वाटतं, आणि नेमका तेव्हाच गुडघा किंवा कोपर बोलू लागतं. माझं कोपर तिसऱ्या महिन्यात बोललं, कारण विशीतल्या पोरांशी बरोबरी करायची खुमखुमी. पुढचे चार महिने मी फक्त पडत होतो.

ज्युदोची एक बाजू झाकून ठेवणं बरोबर नाही. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत शाळांतल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. बरीचशी डोक्याला मार लागून, आणि त्यांत नवशिकी पुष्कळ होती. पडणं पक्कं होण्याआधीच त्यांना फेकलं गेलं. म्हणून क्लास निवडताना भिंतीवरची पदकं बघू नका. गाद्यांमध्ये फटी आहेत का ते वाकून बघा. नव्या माणसाला पहिला महिनाभर काय देतात ते विचारा, आणि तुमच्या वयाचा कोणी तिथे निदान वर्षभर टिकलाय का, तेही.

आई अजून पडायला तयार नाही. पण डायनिंग टेबल आल्यापासून मोडलेली जमिनीवर बसून जेवायची सवय तिने रात्रीपुरती परत लावून घेतली आहे. उठताना पूर्वी दोन्ही हात टेकायची, आता एक टेकते, आणि तो टेकवताना माझ्याकडे बघते.