लंडनहून परतताना तासभर वाचतो कसा?

गेल्या आठवड्यात भाच्यानं बहिणीचं लंडनचं तिकीट माझ्यापुढे धरलं. साडेपाच तासांचा फरक वजा करून त्यानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता. मुंबईहून जाताना साधारण दहा तास, येताना नऊ. "मामा, हे उलटं आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडनच आपल्याकडे येतंय. मग जातानाच लवकर पोचायला हवं ना?"

प्रश्न फार चांगला आहे, मोठ्यांच्याही मनात तो असतो. नाशिकच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटर वेगानं पूर्वेकडे धावते. हवा जागेवरच थांबली असती, तर पंचवटीत एक झाड उभं राहिलं नसतं. पण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. पंचवटी एक्स्प्रेसमधला चहावाला आठवा. गाडी घोटीच्या शिवारातून सुसाट चाललेली असते, तरी डब्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढाच परत यायला. विमानाचंही तसंच.

मग फरक कशानं पडतो? डब्यातली हवाच वाहते म्हणून. आणि ती का वाहते, हा मला हवामानशास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी 1,670 किलोमीटर. तिथली तापलेली हवा वर चढते आणि ध्रुवांच्या दिशेनं सरकते. उत्तरेकडे जावं तसं अक्षांशाचं वर्तुळ लहान होतं, हवा पृथ्वीच्या आसाजवळ येते. फिरत्या खुर्चीवर हात पसरून गिरकी घ्या आणि हात छातीशी ओढा, गिरकी वाढते. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्यातला जोर, टिकतो तो असा. याच नियमानं 30 अंशांवर पोचलेल्या हवेचा वेग 1,930 व्हायला हवा, आणि खालची जमीन मात्र 1,446 नंच फिरते. वारा झाला ताशी 480 किलोमीटरचा! प्रत्यक्षात मोठमोठे भोवरे आणि घर्षण यातला बराच संवेग काढून घेतात. तरीही हिवाळ्यात उत्तर भारतावर, बारा किलोमीटर उंचीवर, ताशी दीडशे-दोनशेचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हाच जेट प्रवाह. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण भाच्याला वाटला त्याच्या उलट दिशेनं.

मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. ताशी 900 वेगाच्या विमानाला वाटभर सरासरी 50 चा वारा जाताना समोरून आणि येताना पाठीमागून मिळाला, तरी जाण्यायेण्यात 53 मिनिटांचा फरक पडतो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी जेट प्रवाहावर स्वार झालेलं एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं.

नाशिकजवळच्या आमच्या ओझर विमानतळाहून दिल्ली हजारेक किलोमीटर, तीही जवळजवळ उत्तरेला. वारा बाजूनं येतो, म्हणून विमान नाक थोडं पश्चिमेला वळवून खेकड्यासारखं तिरकं जातं, आणि जाण्यायेण्याच्या वेळा फारशा बदलत नाहीत. हवेत सव्वा तासाचंच अंतर, तरी वेळापत्रकात जास्त वेळ दिसतो, कारण धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि दिल्लीच्या आकाशातली रांग त्यात धरलेली असते.

आजही काही घरांत सोमवारी-शनिवारी पूर्वेला दिशाशूल म्हणून तिकिटं पुढे ढकलतात. त्याला काडीचाही आधार नाही. वारा वार पाहत नाही, ऋतू पाहतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा जेट प्रवाह चक्क पूर्वेकडून वाहतो. हवामानशास्त्रज्ञ कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. हे ऐकल्यापासून भाच्याला मावशीचं जुलैमधलं तिकीट पाहायचंय.