युक्रेनमधली 'ब्रोन' आणि डिफरमेंट: दोन्हीला 'सूट' म्हणणं थांबवा राव

युक्रेनमधल्या सैन्यभरतीची बातमी मराठीत आली की एक शब्द हमखास असतो, 'सूट'. विद्यार्थ्यांना सूट, तीन मुलांच्या बापाला सूट, वीज कंपनीतल्या कामगाराला सूट, दिवाळीचा सेल लागल्यासारखं. मशीनने भाषांतर केलं असेल तर त्याहून वाईट, 'आरक्षण', की खाली कमेंटमध्ये लोक कोटा आणि मेरिट घेऊन बसलेच. परवा आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं की त्या वीजवाल्याला सूट आहे ना, मग तो दुप्पट पगाराची दुसरी नोकरी धरत का नाही, मूर्ख आहे का? मूर्ख नाहीये बाबा. त्याच्याकडे डिफरमेंट नाहीये, ब्रोन आहे.

डिफरमेंट तुम्हाला कळतं, त्यामुळे पटकन आटपतो. फेब्रुवारी 2022 पासून तिथे मार्शल लॉ आहे, 18 ते 60 वयाचे पुरुष लष्करी नोंदीत असतात आणि प्रत्यक्ष बोलावणं 25 च्या पुढच्यांना येतं (एप्रिल 2024 पर्यंत ही रेषा 27 ला होती). आता यात घरची परिस्थिती, तब्येत, शिक्षण बघून काहींना 'आत्ता नको' म्हणतात. 18 वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, अपंगत्व, अपंग माणसाची देखभाल, पूर्णवेळ शिक्षण, असल्या कारणांनी. युक्रेनियनमध्ये याला 'वीद्स्त्रोच्का' म्हणतात. झालं.

आता ब्रोन. मूळ शब्द 'ब्रोन्युवान्न्या', हॉटेलची खोली किंवा गाडीचं तिकीट बुक करायला जो शब्द तोच. यात देशाची अर्थव्यवस्था चालू ठेवायला ज्या कंपन्या लागतात त्यांना सरकार 'क्रिटिकल' असा दर्जा देतं, आणि अशी कंपनी आपली काही माणसं स्वतःसाठी बुक करून ठेवते. वाक्य परत वाचा. बुक कंपनी करते, कंपनीसाठी करते. माणूस स्वतः जाऊन 'मला ब्रोन द्या' म्हणू शकत नाही.

कंपनीची क्वार्टर आणि बापाचं घर यात जो फरक तोच हा फरक. बापाच्या घरात तुम्ही नोकरी बदला, सोडा, वर्षभर घरी बसा, छप्पर कुठे जात नाही. क्वार्टरचं तसं नसतं, राजीनामा दिला की किल्ली परत. ब्रोनवाल्याने नोकरी सोडली की ब्रोन गेली, आणि दुसऱ्या दिवशी तो भरती कार्यालयाच्या हिशोबात साधा पंचविशीच्या पुढचा माणूस. तीन मुलांचा बाप मात्र आज वेल्डर, उद्या टॅक्सी ड्रायव्हर, परवा बेकार असला तरी डिफरमेंट त्याच्या खिशातच. तात्पुरता परिणाम दोन्हीचा एकच, की माणूस आत्ता फ्रंटवर जात नाही, म्हणून बातमीवाले दोघांना एका पिशवीत कोंबतात. पण नोकरीच्या बाजारात दोन्ही अगदी उलट वागतात आणि माझी चिडचिड तिथेच होते, कारण हे कळलं नाही तर युद्धातली नोकरभरती काहीच कळत नाही.

एक उदाहरण घ्या, आकडे माझ्या मनाचे आहेत पण हिशोब तिथला. एक बेकरी आहे, क्रिटिकलचा दर्जा मिळालेली, लष्करी नोंदीतले 20 पुरुष कामाला. सर्वसाधारण नियम निम्म्यांचा, म्हणजे 10 जण बुक होणार (शस्त्रास्त्रं बनवणाऱ्या कारखान्यांत सगळेच होऊ शकतात). आता मालकाने ठरवायचं कोणते 10. भट्टीवाला पक्का, तो गेला तर पाव बंद. इलेक्ट्रिशियन पक्का. ट्रक ड्रायव्हर? बाहेर ड्रायव्हरची बोंब आहे, म्हणजे पक्का. पॅकिंगवाला पोरगा 24 चा आहे, त्याला बोलावणंच येत नाही, त्याच्यावर जागा कशाला घालवायची. उरलेल्यांना रोज सकाळी कामावर येताना रस्त्यात कोणी कागद तपासले तर काय, ही धाकधूक. आणि ज्याला ब्रोन मिळाली त्याला समजा शेजारच्या गावात चांगला पगार मिळतोय, पण तिथे आधी रुजू व्हायचं, मग ती कंपनी अर्ज करणार, मग मंजुरी, आणि मधले दिवस उघड्यावर. कोण जाईल? पगारवाढ मागायला केबिनमध्ये शिरतानासुद्धा माणूस दोनदा विचार करतो. माणसांचा एवढा तुटवडा असताना कामगाराने नाक वर करून भाव मागायला हवा, तर इथे ज्याच्याकडे ब्रोन तोच गप्प.

म्हणून तिथल्या नोकरीच्या जाहिरातीत पगाराच्या बरोबरीने 'ब्रोन मिळेल' असं लिहिलेलं सापडतं, कधी 'प्रोबेशननंतर' अशी शेपटी लावून. आपल्याकडे 'पीएफ, बस, कँटीन' लिहितात तसं, फक्त पणाला लागलेली गोष्ट फार वेगळी.

पगाराचा मुद्दा आला म्हणून अजून एक. 2024 च्या शरदात सरकारने क्रिटिकल कंपन्यांची फेरतपासणी काढली आणि 1 डिसेंबरपासून अर्ज 'दिया' या सरकारी पोर्टलवर नेले. त्यात अट घातली, पगार किमान वेतनाच्या अडीच पट हवा. तेव्हा किमान वेतन 8,000 ह्रिव्निया, म्हणजे 20,000. आता तिथेही निम्मा पगार कागदावर आणि निम्मा पाकिटात ही जुनी सवय आहेच, आपल्याला काही नवीन नाही. पण ब्रोन हवी तर पाकिटातला पैसा कागदावर आणायला लागतो, त्यावर टॅक्स भरायला लागतो. छोट्या धंदेवाल्याला ते जड जातं हे खरं. पण मला विचाराल तर मला ही अट आवडली, इतक्या वर्षांच्या इन्स्पेक्टरगिरीपेक्षा हा काटा जास्त बोचतो. आणि कंपनीचा क्रिटिकल दर्जाच गेला तर? सगळ्यांची ब्रोन एकदम गेली, माणसाची काही चूक नसताना. डिफरमेंटवाल्याला ही भीती नाही.

उरलेले फरक फुटकळ आहेत. मुदत दोन्हीला असते, दोन्ही रिन्यू करायला लागतात, 'रेझर्व्ह प्लस' या लष्करी नोंदीच्या सरकारी ॲपवर दोन्ही दिसतात. त्यावर वाद घालत बसू नका.

मालकाच्या खुर्चीतून बघा मग. डिफरमेंटवाला उमेदवार आला म्हणजे लॉटरी, तो माझी ब्रोनची जागा खात नाही. बायका, साठीच्या पुढचे, फ्रंटवरून परतलेले, कॉलेजची पोरं, सगळे एकदम 'चालतील' झाले. पाव्लोह्राद भागातल्या कोळसा खाणींत बायका जमिनीखाली कामाला लागल्या, शांततेत कायद्याने ते काम त्यांना बंद होतं, 2022 च्या युद्धकाळातल्या कामगार कायद्याने त्यांच्या संमतीने उघडलं. मग ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने 18 ते 22 च्या मुलांना देशाबाहेर जायची परवानगी दिली आणि ज्यांच्यासाठी ब्रोन लागतच नव्हती तेच हातचे निसटायला लागले.

आता ब्रिटनचं सांगायला लोक येतील, दुसऱ्या महायुद्धातल्या रिझर्व्ह्ड ऑक्युपेशनचं, म्हणजे गरजेच्या कामातल्या माणसांना सैन्यात न नेण्याचं. ते सुरुवातीला माणूस काय काम करतो त्यावर होतं, खाणकामगार म्हणजे खाणकामगार, मालक कोणी का असेना. तरीही इतके खाणकामगार आधीच निघून गेले की डिसेंबर 1943 पासून चिठ्ठ्या काढून सैन्याच्या वयाची पोरं खाणीत पाठवायला लागली, तेच बेव्हिन बॉईज. युक्रेनची ब्रोन तशी नाही, ती कंपनीच्या नावावर आहे.

जाता जाता, ज्याला खरंच सैन्यात नेलं त्याला कंपनी 'काढून टाकते' असंही लिहितात. चूक. नोकरी कायद्याने राखून ठेवायला लागते. जुलै 2022 पर्यंत तर कंपनीने त्याचा सरासरी पगारही द्यायचा होता, आता पगार नाही पण जागा आहे, म्हणून त्याच्या जागी घेतलेला माणूस बहुतेक वेळा तो परत येईपर्यंतच्या करारावर असतो. त्या बदलीवाल्याला ब्रोन द्यायची का, हा प्रश्न मग परत त्या बेकरीवाल्याच्या 10 जणांच्या यादीवर येतो.