फळी पालथी केली की रंधा का बिघडतो?

रंधा मारताना लाकूड खरबडलं की बघणारा हमखास म्हणतो, "धार गेली असेल." मीही गेल्या महिन्यात त्यावर विश्वास ठेवला. जुन्या बाजारातून आणलेल्या सागवानी फळीचा पाट करत होतो. एक बाजू छान गुळगुळीत झाली. फळी पालथी केली आणि पहिल्याच हाताला नखांनी ओरबाडल्यासारखे खड्डे! पातं काढून अर्धा तास दगडावर घासलं. मनगटावरचे केस उतरावेत इतकी धार आली, तरी खड्डे पडतच राहिले. शेवटी वैतागून फळी जागच्या जागी फिरवली, डावं टोक उजवीकडे. त्याच पात्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघाली.

लाकूड म्हणजे मिलिमीटरभर लांबीच्या, पोकळ, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची मोळी. भिंती सेल्युलोजच्या, चिकटवणारं लिग्निन. ही मोळी लांबीच्या दिशेने ओढून तोडायची तर आडवी फाकवण्याच्या साधारण २० पट बळ लागतं. ऊस दातांनी सोलताना हे आपण अनुभवलेलं असतं. दात फक्त सुरुवात करून देतात. साल पुढे धाग्यांच्या वाटेने आपलीआपण फाटत जाते, कधीकधी गाभाही घेऊन.

रंध्यात साधारण ४५ अंशांत बसवलेलं पातं ही एक पाचरच. ती ढलपी उचलते आणि उचललेली ढलपी तरफ होऊन पुढचं लाकूड उपटू बघते. म्हणून धारेच्या थोडी पुढे एक बारीक भेग धावत असते. ती कुठे वळणार हे तंतू ठरवतात. रंधा जातोय त्या दिशेने तंतू वर चढत असतील तर भेग पृष्ठभागावर येऊन संपते. खाली उतरत असतील तर ती खोल शिरते आणि ढलपी बुडातून मोडते. तोच खड्डा.

तंतूंचा चढ-उतार फळीच्या कडेवरच्या रेघांत दिसतो. गंमत पालथं करण्यात आहे. काड्यापेटीच्या दोन्ही लांब कडांवर एकाच टोकाकडे चढणाऱ्या तिरक्या रेघा काढा. पेटी कुशीवर लोळवून पालथी केली तर चढाचा उतार होतो. टोकावरून कोलांटी देऊन केली तर चढ चढच राहतो. मी फळी लोळवली होती, बिचाऱ्या धारेचा काहीच दोष नव्हता.

खांबाचा बुंधा खाली आणि शेंडा वरच हवा, नाहीतर घराला लाभत नाही, असं वास्तुवाले सांगतात. रंध्याला बुंधा-शेंडा कळत नाही. करवतीने फळी तंतूंशी कोणत्या कोनात कापली, एवढंच त्याला कळतं. घराच्या नशिबाला तर तेही कळत नसावं. "आयुष्यभर धार जाणार नाही" अशी पाती विकणाऱ्यांचंही तसंच. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूतलाच कठीण पदार्थ, असते, ती कुठल्याही पोलादाला बोथट करते.

आंब्याच्या फळीत बऱ्याचदा तंतूंचे थर आलटून पालटून उलटसुलट कललेले असतात. मग फळी फिरवून काय होणार? इथे पात्याच्या पाठीवर बसवलेली दुसरी लोखंडी पट्टी कामाला येते. ढलपी वळवायला ती असते एवढंच अनेकांना वाटतं. जपानच्या यामागाता विद्यापीठात कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी पातं चालतानाचं अगदी जवळून चित्रीकरण केलं. पट्टीची कड धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली, की ढलपी सुटताक्षणी तिच्यावर आपटते आणि पुढे रेटली जाते. तरफेचा जोर मोडतो, धारेपुढची भेग वाढतच नाही. पट्टी मिलिमीटरभर मागे असली तर ती असून नसल्यासारखीच. ती बरोबर बसली की ढलपी कुरळी न येता सरळ उभी वर येते. रंधा ढकलायला मात्र जोर जास्त लागतो.

गाठीपाशी तंतू सगळीकडे वळलेले असतात. तिथे जुने सुतार फुटक्या काचेची कड जवळजवळ उभी धरून लाकूड खरवडतात. कड उभी, म्हणजे उचलणारी पाचर नाही, म्हणून पुढे धावणारी भेगही नाही. काच जाड फडक्यात धरा.