माकडहाडाचा एक्स-रे बसवून काढायला शतक लागले

कमरेचा एक्स-रे काढला की कण्याचे शेवटचे टोक, म्हणजे माकडहाड, बऱ्याचदा फिल्मच्या खालच्या कडेला कापले जाते. आलेच तर किरणांचे प्रमाण कमरेच्या जाडीनुसार ठरवलेले असल्याने ते काळपट, अस्पष्ट उमटते. मग रिपोर्टमध्ये त्याच्याबद्दल एक ओळही नसते.

माकडहाडाचे दुखणे मात्र एक्स-रेपेक्षा जुने. एडिंबरामध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणणारे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्पसन यांनी १८५९च्या सुमारास त्याचे सविस्तर वर्णन केले. तपासणीला साधन होते ते हाताचे बोट. १८९५मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, तरी या हाडाचे नशीब फारसे पालटले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया बऱ्याच झाल्या. पुढे १९३४मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधल्या सरकलेल्या चकतीमुळे पाय दुखतो हे दाखवले आणि सगळ्यांचे लक्ष कमरेकडे वळले. माकडहाड दुखते म्हणणाऱ्यांना, त्यातही बहुतेक स्त्रियांना, ‘हे मनाचे आहे’ असेही ऐकावे लागले.

१९८३मध्ये पोस्टाकिनी आणि मासोब्रियो या इटालियन डॉक्टरांनी बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून माकडहाडाच्या आकाराचे चार प्रकार मांडले. अडचण एवढीच, की पुढे तीव्र वळलेले हाड काहीच न दुखणाऱ्यांमध्येही दिसते.

रुग्ण तर पहिल्यापासून सांगत होते, बसल्यावर दुखते. आणि फिल्म निघत होती झोपवून! पॅरिसचे डॉक्टर ज्याँ-इव्ह मेन यांनी १९९०च्या दशकात हे ओळखले. आधी उभे राहून एक फिल्म, मग कडक स्टुलावर थोडे मागे रेलून, नेमके दुखेल तसे बसवून दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवायच्या. बसल्यावर हाड २५ अंशांपेक्षा जास्त वाकले तर सांधा सैल. मागे सरकले तर निखळलेला. २०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ७० टक्क्यांमध्ये असे काही ना काही कारण सापडले. वजनाचाही संबंध दिसला: स्थूल व्यक्तींमध्ये हाड मागे निखळणे अधिक, तर सडपातळ व्यक्तींमध्ये टोकावरची काट्यासारखी वाढ.

एमआरआयमध्ये सूज दिसते, पण नेहमीच्या यंत्रात रुग्ण आडवाच असतो. बसल्यावरची हालचाल तिथे दिसत नाही. त्यामुळे या दोन साध्या फिल्म अजून वापरात आहेत. किरण ओटीपोटातून जात असल्याने गरोदरपणात मात्र त्या शक्यतो टाळतात.