व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि समोरचा स्पीकर

घरी गाणे ऐकण्यासाठी स्पीकरची जोडी आणल्यावर तिला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) अ‍ॅम्प्लिफायर जोडावा की ट्रान्झिस्टरचा, हा प्रश्न आज बहुधा आवाजातली ऊब आणि स्वच्छता यांच्यातली निवड म्हणून मांडला जातो. या दोन्ही तंत्रांचा इतिहास पाहिला तर मात्र प्रत्येक वळणावर निर्णय स्पीकरने करून दिलेला दिसतो, आणि ही गोष्ट विसरल्यामुळेच या विषयावरचे बरेच वाद निष्फळ ठरतात, असे माझे मत आहे.

ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये ऑडिऑन हा व्हॉल्व्ह केला आणि 1925 मध्ये चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी आजच्या कॉइलवाल्या स्पीकरची रचना मांडली. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांचा स्वभाव मात्र जुळत नव्हता. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्टचा दाब लागतो आणि त्यातून प्रवाह थोडाच मिळतो. स्पीकरला नेमके उलटे, कमी दाब आणि भरपूर प्रवाह हवा असतो. म्हणून मध्ये दाब उतरवून प्रवाह वाढवणारा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर आला. खर्जासाठी त्याचा लोखंडी गाभा मोठा लागतो, तर तार स्वरांसाठी तारेची वेटोळी एकमेकांत थरांनी गुंफावी लागतात. चांगल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचे वजन आणि किंमत आजही मुख्यतः इथेच जाते. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 1938 चा 300बी हा ट्रायोड (तीन अग्रांचा साधा व्हॉल्व्ह) एकटा वापरला तर साधारण 8 वॅट देतो. चित्रपटगृहातल्या कर्ण्याच्या स्पीकरना एवढी शक्ती पुष्कळ होई, कारण कर्णा एका वॅटमध्येच खूप आवाज काढतो.

पुढची मोठी पायरी टेलिफोनच्या गरजेतून आली. टेलिफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरवर काम करणारे अभियंते हॅरल्ड ब्लॅक यांना 2 ऑगस्ट 1927 रोजी फेरीबोटीने कामावर जाताना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ती उतरवून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून पुन्हा आत सोडला की विकृती, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने मूळ आवाजात केलेला बिघाड, घटते. याच तत्त्वावर डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये 15 वॅटचे सर्किट छापले, त्यातली विकृती 0.1 टक्क्यापेक्षा कमी होती, आणि ते पाहून अनेक देशांतल्या हौशी लोकांनी घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधले.

त्यानंतर स्पीकर बदलला. एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये एआर-1 आणला. त्यात बंद पेटीतली हवाच स्प्रिंगचे काम करत असल्याने लहान पेटीतून खोल खर्ज मिळू लागला, पण त्याची किंमत वॅटमध्ये मोजावी लागली. 1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एकाच्या जागी दोन अ‍ॅम्प्लिफायर लागू लागले. व्हॉल्व्हमध्ये हे सारे दुप्पट उष्णता आणि दुप्पट लोखंड घेऊन येई.

ट्रान्झिस्टर डिसेंबर 1947 मध्येच बेल लॅब्समध्ये तयार झाला होता. (आपल्याकडे हा शब्द खिशातल्या रेडिओचे नाव म्हणूनच घरोघर पोहोचला.) त्याला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही, हा खरा फायदा. सुरुवातीचे घरगुती ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मात्र कानाला टोचत, आणि याचे कारण ठाऊक आहे. आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा दुसरा सांभाळतो. सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, शून्याजवळ, बारीक खाच पडते. चांगले उलट्या जातीचे (प्रवाह उलट दिशेने वाहू देणारे) सिलिकॉन ट्रान्झिस्टर मिळत नसल्याने दोन्ही बाजूंना एकाच जातीचे वापरले जात आणि ही खाच वाढे. तिचा आकार जवळपास ठरलेला असल्यामुळे आवाज जितका हलका तितके तिचे प्रमाण अधिक. तानपुऱ्याची विरत जाणारी आस हलक्या आवाजात ऐकताना ही विकृती नेमकी कुठे बोचेल, हे वेगळे सांगायला नको. व्हॉल्व्हची विकृती याच्या उलट, आवाज वाढेल तशी हळूहळू वाढते.

पुढे ट्रान्झिस्टर सुधारले. क्वाड कंपनीचा 303 हा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर 1967 मध्ये आला. 1969 मध्ये जॉन लिन्स्ले हूड यांनी 10 वॅटचे क्लास ए सर्किट (ज्यात ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत, म्हणून ती खाच पडत नाही) प्रसिद्ध केले आणि त्यासाठी तुलनेला विल्यमसनचाच अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तरीही पहिल्या पिढीची बदनामी टिकली, आणि 1970 मध्ये सुरू झालेल्या ऑडिओ रिसर्चसारख्या कंपन्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा बाजारात आणला. 1985 मध्ये बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’ मासिकाचे आव्हान स्वीकारले. दोन अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज एकमेकांतून वजा करून उरणारा फरक ऐकत ऐकत त्यांनी आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी इतका जुळवला की मासिकाच्या श्रोत्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला हा सर्वात बोलका प्रसंग आहे.

मग फरक उरतो तो कुठे? 8 ओहम लिहिलेल्या स्पीकरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) प्रत्यक्षात स्वरागणिक 4 पासून 30 ओहमपर्यंत फिरू शकतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आऊटपुट इम्पीडन्स 2 ओहम धरला, तर या दोन टोकांमध्ये आवाजाच्या पातळीत सुमारे 3 डेसिबेलचा उंचसखलपणा येतो, आणि तो कानाला स्पष्ट कळतो, 0.05 ओहमच्या ट्रान्झिस्टरवर तो 0.1 डेसिबेलच्या आत राहतो. शक्तीचा हिशेबही असाच मांडता येतो. एका वॅटला एका मीटरवर 87 डेसिबेल देणारा स्पीकर 8 वॅटच्या ट्रायोडवर 96 पर्यंत पोहोचतो आणि 100 वॅटच्या ट्रान्झिस्टरवर 107 पर्यंत. तोच 8 वॅटचा ट्रायोड 104 डेसिबेलच्या कर्ण्याला जोडला, तर 113 गाठतो.